बारावीनंतर सिनेमा शिकायचा, तर कुठे?

बारामती : बारावीचा निकाल लागला, की अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी, फार्मसी अशा ठरलेल्या वाटांची चर्चा घरोघरी सुरू होते. बारामती आणि इंदापूर तालुके त्याला अपवाद नाहीत. किंबहुना शिक्षणसंस्थांचे जाळे दाट असल्याने येथे ही चर्चा जरा अधिकच रंगते. मात्र 'सैराट' (२०१६) नंतरच्या पिढीत या चर्चेला छेद देणारे एक वाक्य अधूनमधून ऐकू येते : 'मला सिनेमा शिकायचा आहे.' त्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न 'पोट भरेल का?' असा असतो आणि दुसरा 'हे शिकवतात तरी कुठे?' असा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही छातीठोकपणे देऊ शकत नाही. दुसऱ्याचे देता येते. परंतु ते बहुतेकांना उशिरा कळते आणि तोवर एखादा दरवाजा बंद झालेला असतो.

देशातील सर्वांत नावाजलेली चित्रपट शिक्षणसंस्था बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. स्वारगेटच्या एसटीत बसलेला विद्यार्थी दोन-अडीच तासांत पुण्याला आणि तेथून रिक्षाने लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या, म्हणजे एफटीआयआयच्या फाटकाशी पोहोचतो. फाटकाच्या आत मात्र त्याला बारावीच्या गुणपत्रिकेवर प्रवेश नाही. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, पटकथा, अभिनय या संस्थेच्या प्रमुख अभ्यासक्रमांसाठी आतापर्यंत पदवी हीच किमान पात्रता राहिली आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचेही धोरण तसेच आहे. थोडक्यात, सरकारी खर्चाने चालणाऱ्या देशातील या दोन मोठ्या संस्थांच्या दृष्टीने सिनेमा हा पदवीनंतर शिकण्याचा विषय आहे.

या धोरणाला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिने १९५१ च्या अहवालात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था असावी, अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात उतरली १९६० मध्ये, तीही प्रभात कंपनीच्या ओस पडलेल्या स्टुडिओत. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात कंपनी तोवर इतिहासजमा झाली होती. 'संत तुकाराम' (१९३६) ज्या आवारात घडला, त्याच आवारात सिनेमाचे वर्ग भरू लागले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचीही पुण्यात स्थापना झाली. संस्थेत शिकणारा विद्यार्थी प्रौढ, काहीएक वाचलेला, जग पाहिलेला असावा, हा पदवीच्या अटीमागील युक्तिवाद समजण्याजोगा आहे. शाखेगणिक डझनभराच्या आसपास जागा असताना निवड कठोर असणारच.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. त्यामुळे पदविकेऐवजी पदवी देण्याचा मार्ग त्यांना खुला झाला. यातून पुढेमागे बारावीनंतरचे अभ्यासक्रम निघतील का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत प्रत्येक वर्षीची प्रवेशसूचना मुळातून वाचावी, हेच उत्तम. तालुक्याच्या गावी अशी सूचना ऐकीव माहितीच्या रूपाने पोहोचते आणि ऐकीव माहिती दोन-तीन वर्षांनी मागे असते.

अकरावीतच होणारी चूक

पदवीची अट बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीची एक अट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते आणि नुकसान तिथेच होते. एफटीआयआयच्या ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखन अभ्यासक्रमासाठी पदवी कोणत्याही विषयातील चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र हा विषय घेतलेला असावा लागतो. कलादिग्दर्शनासाठी उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, अंतर्गत सजावट किंवा तत्सम विषयातील पदवी अपेक्षित असते. म्हणजे दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरताना 'सिनेमाच करायचा आहे, मग विज्ञान कशाला' असे म्हणून जो मुलगा कला शाखेकडे वळतो, तो नकळत ध्वनी शाखेवर पाणी सोडतो. पाच वर्षांनी, पदवी हाती आल्यावर, ही गोष्ट त्याच्या लक्षात येते. तेव्हा भौतिकशास्त्रासाठी पुन्हा बारावीला बसणे हाच काय तो उपाय उरतो.

सिनेमा म्हणजे दिग्दर्शन, फार तर अभिनय, असे समीकरण ग्रामीण भागातच नव्हे तर शहरांतही रूढ आहे. त्यामुळे ध्वनी शाखा हातची गेली याचे कोणाला दुःख होत नाही. वास्तविक या व्यवसायात दिग्दर्शक होऊ इच्छिणाऱ्यांची रांग सर्वांत लांब असते आणि उत्तम ध्वनिमुद्रकांची वानवा असते. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' या मेंढपाळांच्या जीवनावरील चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, हे अनेकांना आठवते. त्याच चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना प्रत्यक्ष स्थळावरील ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे फारसे कोणी सांगत नाही. माळरानावरचा वारा, मेंढरांचा कालवा आणि माणसांचे बोलणे एकाच वेळी, स्टुडिओत पुन्हा न बोलता टिपणे हे किती कठीण काम आहे, याची कल्पना ज्याने कधी लग्नाच्या चित्रीकरणात आवाज नीट घेण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच येईल.

पदवीच्या पातळीवर शिकवतात काय?

अमेरिकेत बारावीनंतर थेट सिनेमाचे पदवी शिक्षण घेण्याची पद्धत जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९२९ पासून सिनेमा शिकवला जातो. 'स्टार वॉर्स'चे जॉर्ज लुकास तेथीलच पदवीधर. मार्टिन स्कोर्सेसी न्यूयॉर्क विद्यापीठाचे. आपल्या देशात चेन्नईची एम. जी. आर. शासकीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था बारावीनंतर दृश्यकलेची पदवी देते आणि तीही सरकारी शुल्कात. तमिळनाडूबाहेरच्या मुलाला तिचा फारसा उपयोग नाही. पण राज्य सरकारने मनावर घेतले तर काय करता येते, याचा तो दाखला आहे. महाराष्ट्रात हा भार प्रामुख्याने खासगी संस्थांनी आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांनी उचलला आहे. मुंबई विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नवमाध्यमे यांची तीन वर्षांची बी. ए. पदवी आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत सुभाष घई यांनी २००६ मध्ये सुरू केलेली व्हिसलिंग वुड्स ही संस्था आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर लोणी काळभोरला, राज कपूर यांच्या एकेकाळच्या मळ्याच्या परिसरात, एमआयटी-एडीटी विद्यापीठाचा चित्रपट विभाग आहे. इंदापूरहून पुण्याला निघालेली प्रत्येक एसटी त्या फाट्यावरून जाते.

या अभ्यासक्रमांची नावे वेगवेगळी असली तरी गाभा सारखाच असतो. सिनेमाचा इतिहास, पटकथालेखन, कॅमेरा व प्रकाशयोजना, संकलन, ध्वनी आणि शेवटी स्वतः केलेला लघुपट. यांपैकी यंत्रे हाताळण्याचा भाग आता पूर्वीइतका दुर्मीळ राहिलेला नाही. एकेकाळी १६ मिलिमीटरचा कॅमेरा हाताळण्यासाठी संस्थेतच जावे लागे. आज मोबाइलमध्ये कॅमेरा आहे आणि व्यावसायिक दर्जाचे संकलनाचे सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध आहे. फुकट मिळत नाही, ती चित्रपट पाहण्याची सवय. पाहणे शिकावे लागते, हे आपल्याकडे पटवून देणे सर्वांत अवघड.

उदाहरणादाखल नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा शेवटचा भाग घेऊ. जब्याचे कुटुंब गावातील डुक्कर पकडण्यासाठी धावत आहे. डुक्कर हातात येण्याच्या बेतात असताना शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. डुक्कर निसटते. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. लगेच तो हशा घशात अडकतो. वर्गात हे दृश्य दाखवणारा शिक्षक विचारील, की कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? राष्ट्रगीत कोठून ऐकू येते, दृश्याच्या आतून की बाहेरून? गाणारी मुले आणि स्तब्ध उभी माणसे एकाच चौकटीत का दाखवली नाहीत, किंवा दाखवली असतील तर कधी? पुढे डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागे शाळेच्या भिंतीवर ज्या थोर व्यक्तींची चित्रे दिसतात, त्यांचा क्रम आणि काळ कोणी ठरवला असेल? आणि अगदी शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा तो दगड नेमका कोणाला लागला? 'भारी वाटले' किंवा 'बोअर झाले' याच्या पलीकडे जाऊन या प्रश्नांवर तासभर बोलता येणे, हे चित्रपट अभ्यासाचे पहिले पाऊल. एफटीआयआयमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी १९६० च्या दशकात चित्रपट रसास्वादाचे अध्यापन याच पायावर उभे केले आणि पुढे संस्थेने चित्रपट संग्रहालयाच्या साथीने रसग्रहणाचे उन्हाळी वर्ग देशभरातील शिक्षक, पत्रकार आणि रसिकांसाठी चालवले.

अशा अभ्यासाला मराठीत वाचनसामग्री नाही, ही तक्रारही तितकीशी खरी नाही. एफटीआयआयचे माजी विद्यार्थी अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक चौकट, प्रकाश आणि संगीत यांविषयी मराठीत किती नेमकेपणाने लिहिता येते ते दाखवते. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाचे 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक याच विषयाला वाहिलेले. तालुक्याच्या ग्रंथालयात ही पुस्तके मागणी करून आणता येतात. मागणी मात्र करावी लागते.

पैशाचे गणित

खासगी विद्यापीठातील चित्रपट पदवीचे शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात जाते. त्यात पुण्या-मुंबईतील राहणे, जेवण, संगणक, कॅमेरा आणि लघुपटाचा स्वतंत्र खर्च मिळवला, की तीन-चार वर्षांचा आकडा ऊस उत्पादक कुटुंबाच्या कित्येक हंगामांच्या बिलाएवढा होतो. बँका शैक्षणिक कर्ज देतात. परंतु साडेसात लाखांवरील कर्जाला सर्वसाधारणपणे तारण मागितले जाते आणि तारण म्हणून बारामती-इंदापुरात घर किंवा जमीन हेच पुढे येते. नोकरीची हमी असलेल्या शिक्षणासाठीही हा निर्णय जड असतो. चित्रपटसृष्टीत तर पगाराची नोकरी हा प्रकारच विरळा. कामानुसार मेहनताना, तोही बऱ्याचदा उशिरा, ही तेथील रीत. सहायक म्हणून पहिली काही वर्षे मुंबईत काढताना घरून पैसे मागवावे लागतात, हे त्या क्षेत्रातील उघड गुपित आहे. कर्जाचा हप्ता नेमका त्याच काळात सुरू होतो.

याचा अर्थ या संस्थांकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. चांगल्या संस्थेत तीन वर्षे समवयस्कांच्या संगतीत काम करता येते आणि या व्यवसायात पहिले काम बहुधा ओळखीतल्या समवयस्काकडूनच मिळते. मात्र माहितीपत्रकातील चकचकीत छायाचित्रांपेक्षा काही साधे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी. तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः दिग्दर्शित किंवा चित्रित केलेले किती लघुपट करायला मिळतात? त्यांचा खर्च शुल्कात धरला आहे की वेगळा? किती विद्यार्थ्यांमागे एक कॅमेरा आहे? पूर्णवेळ शिक्षक किती आणि 'पाहुणे' किती? पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि ती पुढील शिक्षणासाठी ग्राह्य आहे का? राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती व शुल्कसवलतीच्या योजना त्या अभ्यासक्रमाला लागू आहेत का, याचे उत्तर तर लेखीच घ्यावे. अनुदानित महाविद्यालयात सहज मिळणारी सवलत खासगी विद्यापीठात मिळेलच असे नाही आणि हा फरक अनेकांना पहिला हप्ता भरल्यावर समजतो. गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांचे लघुपट दाखवा, असेही जरूर म्हणावे. जी संस्था ते दाखवायला आढेवेढे घेते, तिच्याविषयी अधिक चौकशीची गरज उरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला बारामती किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातील तीन वर्षांची साधी पदवी आहे. तिचे शुल्क काही हजारांत भागते, विद्यार्थी घरी राहतो आणि पदवीनंतर एफटीआयआयची प्रवेश परीक्षा देण्याचा अधिकार त्याला खासगी चित्रपट पदवीधराइतकाच मिळतो. प्रश्न असा, की या तीन वर्षांत त्याने करायचे काय?

भीमेच्या पलीकडे, दौंडच्या अलीकडे

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हॉलीवूडला जाण्याची गरज नाही. उजनीच्या पाणलोटापलीकडे, करमाळा तालुक्यात जेऊर आहे. इंदापूर तालुक्याच्या किनाऱ्यावरून पाहिले तर मध्ये केवळ धरणाचे पाणी. नागराज मंजुळे हे त्या जेऊरचे. पुणे विद्यापीठातून त्यांनी मराठीत एम. ए. केले, कविता लिहिल्या आणि नंतर अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला. तेथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' (२००९) या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भटक्या समाजातील एका मुलाच्या शाळेच्या ओढीची ती गोष्ट. 'फँड्री' आणि 'सैराट' ही त्यापुढची पायरी. 'ख्वाडा'चे भाऊराव कऱ्हाडे हेही त्याच विभागाचे विद्यार्थी.

या उदाहरणातील महत्त्वाची बाब अशी, की नगरचे हे महाविद्यालय ना मुंबईत आहे, ना पुण्यात. ते जिल्ह्याच्या गावातील, सर्वसामान्य शेतकरी कुटुंबांतील मुलांचे महाविद्यालय आहे आणि बारामती व इंदापूरची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी तेही संलग्न आहे. जे नगरला शक्य झाले ते बारामतीला का नाही, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही.

दुसरे उदाहरण जुने आहे आणि शाळा-महाविद्यालयाच्या चौकटीत न बसणारे आहे. बारामतीहून रेल्वेने निघाले, की गाडी दौंडला पोहोचते. त्या दौंडमध्ये डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना ते नाटकात रमले, १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवले आणि त्यानंतर 'सामना' केला. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती, निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि डॉ. श्रीराम लागू यांचा फाटका मास्तर. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या तरुणाला हा चित्रपट परका वाटण्याचे कारण नाही. कारखान्याची सत्ता, बँक, शाळा, पंचायत सारे एका माणसाच्या मुठीत येणे म्हणजे काय, हे पडद्यावर मांडायला दिग्दर्शकाला चित्रपटाची पदवी लागली नाही. नाटकाचा सराव आणि भोवतालाकडे पाहण्याची नजर लागली.

अर्थात पटेल यांच्या उदाहरणाचा आधार घेऊन 'शिकण्याची गरजच काय' असे म्हणणे सोपे आणि फसवे आहे. त्यांच्यामागे पुण्यातील नाट्यचळवळीची कित्येक वर्षे होती. दुसरीकडे उमेश कुलकर्णी यांचेही उदाहरण आहे. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, सुमित्रा भावे यांच्याकडे सहायक म्हणून काम केले आणि मग ते एफटीआयआयमध्ये गेले. 'गिरणी' हा त्यांचा तेथील लघुपट. 'वळू', 'विहीर' आणि सुवर्णकमळ मिळवणारा 'देऊळ' (२०११) त्यानंतरचे. तिघांच्याही वाटा निराळ्या. तिघांनीही सिनेमाकडे येण्यापूर्वी दुसरे काही शिकलेले होते, एवढे साम्य मात्र नजरेत भरते.

तीन वर्षे कशी घालवावीत?

एफटीआयआयच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षा आणि पुढे मुलाखतीचा टप्पा असतो. त्यात तांत्रिक ज्ञानापेक्षा विद्यार्थ्याचे निरीक्षण, कल्पनाशक्ती, साहित्य, चित्रकला, संगीत, राजकारण, समाज यांविषयीची जाण तपासली जाते. दृश्य समोर ठेवून त्यावरून गोष्ट रचायला सांगतात, एखाद्या चित्रपटावर लिहायला सांगतात. आठवडाभराच्या शिकवणीने हे साधत नाही. ग्रामीण विद्यार्थ्याच्या मनात येथे इंग्रजीची धास्ती असते. अध्यापन बरेचसे इंग्रजीतून होत असल्याने ती अगदीच निराधार नाही. मराठी माध्यमातील मुलाने पदवीच्या तीन वर्षांत चित्रपटविषयक इंग्रजी लेखन वाचण्याची सवय लावून घ्यावी, यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. पण ज्याच्याकडे सांगण्याजोगे काही आहे, त्याच्या तुटक इंग्रजीने आजवर फारसे अडलेले नाही.

पदवीचा विषय निवडताना सरसकट सल्ला देणे धाडसाचे होईल. पटकथेकडे ओढा असलेल्याला मराठी, इंग्रजी साहित्य किंवा मानसशास्त्र उपयोगी. कॅमेरा किंवा ध्वनीची आवड असेल तर भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स. रंगभूमीवरून यायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी आहे. सतीश आळेकरांसारख्या नाटककाराने या केंद्राचे प्रमुखपद भूषविले आहे. जानेवारीच्या सुमारास पुण्यात भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव विद्यार्थ्यांना सवलतीत पाहता येतो. २००२ पासून तो भरतो आणि त्याचे संचालक पुन्हा डॉ. जब्बार पटेलच. बारामतीच्या मुलाला आठवडाभर पुण्यात नातेवाइकाकडे मुक्काम केला, की वीस-पंचवीस देशी-परदेशी चित्रपट पाहून होतात. इंदापूरच्या मुलाचे अंतर चाळीसेक किलोमीटरने वाढते, इतकेच. एफटीआयआयनेही 'स्किफ्ट' या नावाने २०१७ पासून निरनिराळ्या शहरांत अल्पमुदतीचे वर्ग घेतले. पदवी अभ्यासक्रमासाठी लाखो रुपये मोजण्यापूर्वी अशा एखाद्या छोट्या वर्गाला बसून आपली आवड किती खोल आहे हे तपासणे शहाणपणाचे.

सराव गावातही होतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' अशी दोन सामुदायिक नभोवाणी केंद्रे उभी राहिली. तालुक्याच्या गावाला अशी दोन केंद्रे लाभणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मुलाखत कशी ध्वनिमुद्रित करावी, माइक तोंडापासून किती अंतरावर धरावा, बोलण्यातील अडखळणे कापताना अर्थ कसा सांभाळावा, हे अशा केंद्रात जितके चांगले कळते तितके वर्गात कळत नाही. लग्नाचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ बारामती-इंदापूरच्या प्रत्येक पेठेत आहेत. मुले त्यांना नावे ठेवतात. परंतु पुन्हा न घडणारा प्रसंग, अपुरा प्रकाश, गर्दी आणि तासाभरात संपणारी बॅटरी यांच्याशी झुंजत काम करण्याची ती शाळाच आहे आणि तेथे शिकताना चार पैसेही मिळतात. माहितीपटाला विषय शोधत हिंडायलाही नको. उजनीत गावे बुडाली, पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते, भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात, ऊसतोड मजुरांची पाले दरवर्षी गाळपाबरोबर येतात आणि जातात. यांतील एकेक विषय हौशी चित्रफितींत अनेकदा येऊन गेला आहे. पण ड्रोनने वरून घेतलेले पाणी म्हणजे माहितीपट नव्हे. ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली, ती माणसे अजून किनाऱ्यावरच्या पुनर्वसित गावांत भेटतात. त्यांची वये लक्षात घेता हे काम थांबण्याजोगे नाही.

महाविद्यालयांच्या हाती काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमांची नवी रचना महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीत मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील खुला वैकल्पिक विषय आणि कौशल्यविषय घ्यावे लागतात. म्हणजे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी चित्रपट रसग्रहण शिकू शकतो आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पटकथा. कागदावर तरी ही मोठी सोय आहे. प्रत्यक्षात खुल्या विषयांच्या यादीत काय ठेवायचे, हे उपलब्ध शिक्षकांवर ठरते आणि सिनेमा शिकवणारा शिक्षक नाही, या सबबीवर तो विषय यादीत येत नाही.

बारामतीत ही सबब काहीशी लंगडी पडते. अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे १९६२ मध्ये स्थापन झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालयाला अभ्यासक्रम आखण्यासाठी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची वाट पाहावी लागत नाही. आपले मंडळ आपणच नेमता येते आणि त्यावर बाहेरचे तज्ज्ञ घेता येतात. पुण्यात चित्रपट शिकलेले आणि शिकवणारे लोक इतक्या संख्येने आहेत, की आठवड्यातून एकदा शंभर किलोमीटर येणारा कोणी सापडणारच नाही, असे मानणे कठीण. इंदापूरच्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयाला विद्यापीठाच्या चौकटीत राहावे लागेल. तरी वाङ्मय मंडळाच्या जोडीला चित्रपट मंडळ सुरू करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. मोरोपंतांच्या बारामतीत काव्यवाचनाला गर्दी होते, विद्या प्रतिष्ठानच्या गदिमा सभागृहात नाटके रंगतात. गदिमांनी तर चित्रपटांसाठी गीतेच नव्हे, कथा-पटकथाही लिहिल्या. त्यांच्या नावाच्या सभागृहात महिन्यातून एक चित्रपट दाखवून त्यावर तासभर चर्चा घडवणे अशक्य नसावे.

दोन श्रेयांकांचा सैद्धांतिक विषय म्हणजे तीस तासांचे अध्यापन. तेवढ्या वेळात पाच चित्रपट संपूर्ण दाखवता येतात, प्रत्येकावर दीड-दोन तासांची चर्चा करता येते आणि उरलेल्या सात-आठ तासांत विद्यार्थ्यांच्या गटाकडून मोबाइलवर पाच मिनिटांचा एक लघुपट करून घेता येतो. त्यासाठी लागतो एक अंधारी करता येणारी खोली, प्रक्षेपक, दोन बरे ध्वनिवर्धक आणि 'सामना' दाखवल्यावर वर्गात उठणाऱ्या प्रश्नांना न बिचकणारा शिक्षक.